मुस्लिम नायिका आणि घरचा धंदा (प्रेमकादंबरीचा प्रकार)

समकालीन प्रेमकादंबरीचा एक उपप्रकार. नायिका मुसलमान असते, आणि तिच्या घरची बेकरी, खानावळ किंवा कापडाचे दुकान अडचणीत असते. इंग्रजीत तो रुजवण्यात कॅनडा आणि ब्रिटनमधील दक्षिण आशियाई वंशाच्या लेखिकांचा वाटा मोठा आहे. उझ्मा जलालुद्दीन यांच्या 'हाना खान कॅरीज ऑन' (२०२१) या कादंबरीत टोरांटोच्या उपनगरातल्या आईच्या बिर्याणीच्या हॉटेलाजवळच प्रतिस्पर्ध्याचे हॉटेल उभे राहते. स्पर्शाला मर्यादा असल्याने जवळीक कामातून वाढते; मालाची मोजदाद, उधारीची वही, रमजानमधली रात्री उशिरापर्यंतची विक्री हेच प्रेमप्रसंग ठरतात.

पुण्यात असे कथानक बेतताना आधी जमात ठरवावी. रविवार पेठेतल्या बोहरी आळीचे नाव ज्यांच्यावरून पडले ते दाऊदी बोहरे शिया आहेत. त्यांची दिनदर्शिका गणिताने आधीच ठरलेली असते, त्यामुळे त्यांची ईद अनेकदा इतरांच्या एक-दोन दिवस आधी येते. कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई, तर शहरातले इतर सुन्नी बहुधा हनफी; हे दोन्ही सुन्नींमधले धर्मकायद्याचे पंथ. हा फरक किरकोळ नाही. हनफी पंथात सज्ञान मुलगी स्वतःच्या संमतीने निकाह करू शकते, शाफईंमध्ये वली, म्हणजे वडिलांसारखा पालक, लागतो. वडिलांचा नकार म्हणूनच दोन्ही घरांत सारखा जड नसतो. एका रमजान ईदेपासून पुढच्या वर्षीच्या रमजान ईदेपर्यंत पसरलेल्या कथेत दुसरी ईद इंग्रजी तारखेने दहा-अकरा दिवस आधी यायला हवी, हेही पुष्कळदा निसटते.

सर्वांत मोठी चूक वारशात होते. मराठी लेखक नकळत हिंदू एकत्र कुटुंबाचा साचा वापरतो आणि नातवाला 'वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मतः हक्क' देऊन टाकतो. मुस्लिम कायद्यात जन्माने हिस्सा मिळत नाही. वारसा मृत्यूनंतरच उघडतो. दफनाचा खर्च आणि कर्ज आधी फेडायचे. मृत्युपत्र केले तरी उरलेल्या मालमत्तेच्या एक तृतीयांशापुरतेच, त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती हवी. हनफी हिशेबाने मागे पत्नी, एक मुलगा व दोन मुली असतील तर ६४ लाखांपैकी पत्नीला आठवा भाग म्हणजे ८ लाख, मुलाला २८ आणि प्रत्येक मुलीला १४ लाख. दुकान चालवणारी नायिका आणि परगावी नोकरी करणारा भाऊ असतील, तर या आकड्यांतच अख्ख्या कादंबरीचा ताण आहे. तो सोडून खलनायक काका आणणे म्हणजे हातातले सोने टाकून पितळ घेणे.

धंदा भागीदारीत असेल तर १९३२च्या कायद्यानुसार, करारात वेगळे लिहिले नसल्यास, भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. पेठांतला जुना गाळा भाड्याचा असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ पाहावा. मृत भाडेकरूबरोबर त्या जागेत धंदा करणाऱ्या कुटुंबीयाला त्यात भाडेहक्कासाठी पहिले स्थान आहे. इथे नायिकेचे रोज गल्ल्यावर बसणे पुरावा बनते.

'अब्बांनी दुकान माझ्या नावे केले होते' या वाक्यावर प्रसंग उभा करताना मालकीच्या जागेचा हिबा, म्हणजे हयातीतच दिलेली देणगी, तपासावा. तो तोंडीही चालतो, पण देणे जाहीर करणे, ते स्वीकारणे आणि ताबा देणे या तिन्ही गोष्टी घडलेल्या असाव्या लागतात. चाव्या शेवटपर्यंत अब्बांच्याच खिशात राहिल्या, तर बहुधा तिसरी अट अडते.