फ्लोरिबंडाच्या फुलण्याला ब्रेक नाही

लाल फ्लोरिबंडाचा, म्हणजे झुबक्यांनी फुलणाऱ्या गुलाबाचा, पहिला बहर सरला की झाड थकते, मग त्याला खताचा डोस द्यावा, हा सल्ला सर्रास मिळतो. झाड थकलेले नसते. फांदीला पुढे वाढायला शेंडाच उरलेला नसतो, आणि त्यावरचा इलाज कात्री हा आहे.

बहुतेक रानगुलाब वर्षातून एकदाच फुलतात. वसंतातला बहर संपला की त्यांच्यातले केएसएन नावाचे जनुक जागे होते आणि नव्या शेंड्यांना कळ्या धरू देत नाही. थोडक्यात, हा फुलण्यावरचा ब्रेक. चीनमधल्या जुन्या बागायती गुलाबांत या जनुकात डीएनएचा एक उडता तुकडा येऊन बसला आणि ब्रेक निकामी झाला. संशोधकांनी हे २०१२ मध्ये दाखवून दिले. फ्लोरिबंडाला तोच वारसा मिळाला आहे, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक नवी फांदी कळ्यांच्या झुबक्यात संपते. पण शेंड्याचे फूल झाले की ती फांदी तिथेच थांबते. पुढचे फूल हवे तर पानाच्या बेचक्यातला डोळा, म्हणजे झोपलेला कोंब, फुटायला हवा.

डोळा दबून राहतो तो ऑक्सिनमुळे. कोवळ्या पानांतून आणि शेंड्यांतून हे संप्रेरक खोडातून खाली वाहते. ते डोळ्यात शिरत नाही. खोडातली वाट भरलेली असली की डोळ्याला स्वतःचे ऑक्सिन बाहेर सोडता येत नाही, आणि ते सोडता आल्याशिवाय तो फुटत नाही. कात्रीने वरचा भाग काढला की ही वाट मोकळी होते. स्ट्रायगोलॅक्टोन हे दुसरे संप्रेरक ही कोंडी आणखी घट्ट करते, तर सायटोकायनिन ती सैल करते. गुलाबाच्या डोळ्याला शिवाय साखर आणि उजेडही लागतो. म्हणूनच झुडपाच्या मधल्या आडव्यातिडव्या काड्या काढून टाकायच्या. फळ धरू दिले तर साखर बियांकडे वळते.

झुबक्यातली मधली कळी आधी उमलते आणि बाकीच्या फुलेपर्यंत सुकते. ती वाटाण्याएवढी असतानाच खुडली तर सगळा झुबका जवळपास एकदम फुलतो. फुले गेली की सुटी फुले तोडत बसू नये, अख्खा झुबका कापावा. काप पाच पर्णिकांच्या (एका देठावर पाच छोटी पाने असलेल्या) पहिल्या निरोगी पानापर्यंत न्यावा, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या ५-६ मिलिमीटर वर. डोळ्यावर जास्त काडी ठेवली तर ती वाळत खाली उतरते आणि डोळ्याला खेटून कापले तर डोळाच सुकतो. तीन पर्णिकांच्या पानाशी कापल्यास फूट बारीक येते. फार खाली कापले तर साखर बनवणारी पाने जातात. उबदार हवेत साधारण सहा-सात आठवड्यांत पुढचा बहर येतो.

कलमाच्या सांध्याखालून आलेली फूट मात्र खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम बांधले त्याची. खुंट रानगुलाबाचा असेल तर तिथे ब्रेक शाबूत असतो. अशी फूट कापू नये, माती बाजूला करून बुडाशी ओढून तोडावी. कापलेल्या बुडख्याचे डोळे पुन्हा फुटतात.

बाकी गरजा नेहमीच्याच: रोज सहा तास ऊन, मातीचा ६ ते ६.५ सामू (पीएच), निचऱ्याची जमीन, मुळाशी पाणी. पाने सात तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजते, पाने गळतात आणि डोळ्यांची साखर तुटते. नत्र जास्त झाले की लुसलुशीत फुटीवर मावा येतो.

लाली वाढावी म्हणून बीटचा रस ओतण्याचे व्हिडिओ निव्वळ करमणूक आहेत. गुलाबाचा लाल रंग अँथोसायनिनचा, तो पाकळीच्या पेशींतच तयार होतो. बीटमधले बीटालेन वेगळ्या घराण्याचे. निसर्गात हे दोन्ही एका वनस्पतीत सापडत नाहीत.

जिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तिथे त्याआधी सहा आठवडे झुबके कापणे थांबवावे, नाहीतर कोवळी फूट थंडीत जळते.