रंग चकचकीत हवा, धातूचा नको: रफनेस आणि मेटॅलिक

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी लिव्हरी, म्हणजे विमानाची बाहेरची रंगसजावट, बनवताना रंग मलूल वाटला की हात सरळ मेटॅलिककडे (धातूपणाच्या आकड्याकडे) जातो, आणि तिथेच विमान बिघडतं. पांढरंशुभ्र धड स्टीलच्या डब्यासारखं दिसू लागतं: पाठीवर आकाशाची निळाई, पोटाखाली धावपट्टीचा काळपटपणा, आणि हँगरमध्ये नेलं की जवळजवळ काळं. कमी पडली होती ती चमक, आणि ती रफनेसमधून (खरखरीतपणाच्या आकड्यातून) आणायची असते.

अल्बेडो, म्हणजे मूळ रंगाचं चित्र, सगळ्यांना येतो. पट्टे, लोगो, नोंदणीची अक्षरं यांवर वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की त्यात उजेडाचे पांढरे फराटे रंगवू नका. एफएस २००४ (याच सिम्युलेटरची जुनी आवृत्ती) च्या काळात ते खपून जायचं. आता सूर्य डावीकडे आणि रंगवलेली चमक उजवीकडे, असं केविलवाणं दृश्य दिसतं.

गोंधळ होतो तो कॉम्प टेक्स्चरमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचे गुण साठवणाऱ्या फाइलमध्ये. त्याच्या लाल चॅनेलमध्ये (थरात) ॲम्बियंट ऑक्लूजन (खाचाखोचांतली सावली), हिरव्यात रफनेस आणि निळ्यात मेटॅलिक असतं. लाल चॅनेल मूळ विमानाचा जसाच्या तसा ठेवा.

रफनेस म्हणजे पृष्ठभाग किती खरखरीत. ० म्हणजे आरसा, २५५ म्हणजे खडू. आकडा कमी तितकं प्रतिबिंब रेखीव, जास्त तितकं पसरट. नव्या, धुतलेल्या प्रवासी विमानाच्या रंगाला ३० ते ५० ठेवा, काही वर्षं वापरलेल्याला ६० ते ९०, लष्करी मॅट करड्या रंगाला १५० ते १८० आणि टायरला २०० च्या वर. सरसकट एकच आकडा मात्र भरू नका. दारांभोवती, चाकांच्या मागे, पंखांच्या मुळाशी १०-२० ने वर-खाली केलं की विमान प्लास्टिकचं वाटत नाही.

मेटॅलिक ही चमकेची पातळी नव्हेच. तो हो-नाहीचा प्रश्न आहे: उजेड ज्या थरावर पडतो तो थर धातूचा आहे का?

चिनी मातीची निळी बरणी खिडकीत ठेवा. बरणी निळी, पण तिच्यावर उमटलेली खिडकी पांढरीच दिसते. शेजारी पितळेचा तांब्या ठेवा. त्याच्यावरची खिडकी पिवळी दिसते, कारण पितळेला स्वतःचा वेगळा रंग नाही, जे दिसतं ते रंगीत प्रतिबिंबच. तांब्या चिंचेने घासला की प्रतिबिंब रेखीव होतं, न घासता ठेवला की धुरकट, पण दोन्ही वेळा तो पितळेचाच असतो. घासणं म्हणजे रफनेस, पितळ असणं म्हणजे मेटॅलिक.

सिम्युलेटर नेमका हाच हिशोब करतो. मेटॅलिक ० असेल तर अल्बेडो हा वस्तूचा रंग धरला जातो आणि त्यावर रंगहीन प्रतिबिंब चढतं: समोरून पाहताना सुमारे ४ टक्के, आणि नजर तिरकी होत जाईल तसं वाढत वाढत शंभराकडे. रंगवलेल्या विमानाच्या कडेला दिसणारी ती सुंदर चमक याच वाढीतून येते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. मेटॅलिक २५५ केलं की वस्तूचा रंग संपतो आणि अल्बेडो प्रतिबिंबाचा रंग होऊन बसतो. गडद निळी शेपटी मग निळ्या चमकी कागदाची वाटते. आजूबाजूला उजेड नसेल तर प्रतिबिंबही नाही, म्हणून हँगरमध्ये काळोखी.

‘पण आत ॲल्युमिनियमच आहे ना?’ हा युक्तिवाद नेहमी होतो. आहे, पण उजेड तिथवर पोचतच नाही. वर रंगाचा थर आहे. म्हणजे मेटॅलिक ०.

२५५ हवं तिथे जरूर द्या: इंजिनाच्या तोंडाची उघडी कड, एक्झॉस्ट, लँडिंग गिअरचा क्रोमचा दांडा. अमेरिकन एअरलाइन्सची जुनी विमानं पॉलिश केलेल्या उघड्या ॲल्युमिनियमची होती, तिथे धडभर २५५ बरोबर. २०१३ च्या नव्या लिव्हरीत मात्र चंदेरी मायका (अभ्रकाच्या कणांचा) रंग आला, कारण बोइंग ७८७ सारख्या कंपोझिट (धातूऐवजी कार्बन तंतूंच्या) धडाला पॉलिश करता येत नाही. तो रंग आहे, धातू नाही. अशा रंगाला अल्बेडो फिकट करडा, रफनेस ७० च्या आसपास आणि मेटॅलिक फार तर १०० द्या. मधले आकडे मला एरवी मान्य नाहीत, एवढा एकच अपवाद.

उघड्या ॲल्युमिनियमचा अल्बेडो २४५ च्या आसपास हवा. धातू करडा असतो असं समजून १२८ दिलं की शिसं दिसतं. त्यावरचं तेल, काजळी, धूळ हे धातू नाहीत, म्हणून त्या डागांवर मेटॅलिक ० करा आणि रफनेस वाढवा.

सगळं नीट करूनही शेपटीवर धातूचा चट्टा दिसतोय? बहुतेक वेळा फक्त अल्बेडो बदललेला असतो. लिव्हरीच्या फोल्डरमध्ये कॉम्प नसेल तर टेक्स्चर.सीएफजी मधल्या फॉलबॅकने (न सापडलेली फाइल कुठून घ्यायची त्या पर्यायी मार्गाने) मूळ विमानाचा कॉम्प येतो, आणि मूळ विमानाला तिथे उघडा धातू असेल तर तुमच्या रंगालाही तोच लागतो. कॉम्प सोबत द्या.

दुसरी अडचण गॅमाची, म्हणजे चित्रातले आकडे उजेडात बदलण्याच्या वक्राची. कॉम्प हे चित्र नाही, आकड्यांचा तक्ता आहे. तो एसआरजीबी (नेहमीच्या रंगीत चित्रांची पद्धत) म्हणून वाचला गेला तर १२८ चा रफनेस ५५ होतो आणि मॅट विमान ओलं दिसतं. फाइल सिम्युलेटरच्या फॉरमॅटमध्ये बदलताना कॉम्पचाच स्लॉट (प्रकार) निवडा, अल्बेडोचा नव्हे.

जुन्या सवयीही आड येतात. एफएसएक्स (याच सिम्युलेटरची आणखी एक जुनी आवृत्ती) च्या बऱ्याच विमानांत अल्फा (चित्राचा चौथा चॅनेल) काळा म्हणजे प्रतिबिंब जास्त. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरमध्ये नॉर्मल मॅपच्या (पृष्ठभागाचे उंचवटे दाखवणाऱ्या फाइलच्या) अल्फात उलट, पांढरं म्हणजे गुळगुळीत. एक्स-प्लेनमध्ये नेताना रफनेस उलटा करायला विसरू नका.

तपासणी भर दुपारी करू नका, तेव्हा सगळंच चांगलं दिसतं. मावळतीला, धडाच्या लांबीला जवळजवळ समांतर कॅमेरा ठेवून बघा, मग हँगरमध्ये. पांढरा रंग दोन्हीकडे पांढराच राहिला पाहिजे.