खारट मातीत भाताचे पेशीपटल

खाडीकाठच्या खार जमिनीत भाताच्या पानांचे शेंडे पांढुरके होऊन सुकू लागतात, तोवर आत पेशीपटलाला, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाला, गळती लागलेली असते.

पटलातल्या मेदरेणूंना कॅल्शियम एकत्र बांधून ठेवते. सोडियम वाढले की ते कॅल्शियमला हटवते, पटल सैल पडते आणि पोटॅशियम बाहेर झिरपते. त्यातच पाणी वाचवण्यासाठी पर्णरंध्रे मिटतात. हरितलवकात कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, ऊन मात्र तेवढेच असते. मग इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवर जाऊन सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा घातक प्रकार तयार होतो. सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर (एन्झाइम) त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. पण काम इथे अर्धेच झालेले असते. पेरॉक्साइड निकामी करायला पेरॉक्सिझोम या पेशीतल्या छोट्या पिशवीत कॅटलेज आणि हरितलवकात ॲस्कॉर्बेट पेरॉक्सिडेज ही विकरे लागतात. ही दोन्ही मागे पडली, तर साचलेले पेरॉक्साइड आणि लोह यांच्यातून हायड्रॉक्सिल मूलक हा अतिशय क्रियाशील कण निघतो. त्याला निकामी करणारे विकर वनस्पतीकडे नाहीच. तो पटलातल्या लिनोलेनिक आम्लावर तुटून पडतो आणि मेदांच्या नासाडीची साखळी सुरू होते. ती तोडायला पटलातच ई जीवनसत्त्व असावे लागते. म्हणूनच नुसता डिस्म्युटेजचा आकडा वाढलेला पाहून वाण क्षारसहिष्णू ठरवू नये. सोबत गळती मोजलीच पाहिजे.

त्यासाठी सर्व रोपांचे एकाच क्रमांकाचे पान घ्यावे, कारण जुन्या पानांत सोडियम जास्त साठते. सारखे तुकडे कापून ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा धुवावेत. कापलेल्या कडांचा रस आणि बोटांच्या घामातले मीठ राहिले तर आकडा फुगतो. 10 मिलि पाण्यात 25 अंश सेल्सिअसला 24 तास ठेवून पाण्याची विद्युतवाहकता मोजावी; झिरपलेल्या क्षारांनी ती वाढते. मग सगळे क्षार बाहेर यावेत म्हणून तीच नळी 100 अंशांवर 20 मिनिटे ठेवून, थंड करून पुन्हा मोजावी. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागून 100 ने गुणले की गळतीची टक्केवारी मिळते. मिठात वाढलेल्या पानात क्षार मुळातच जास्त असतात, त्यामुळे नुसता पहिला आकडा फसवतो.

प्रयोगात 100 मिलिमोलर मीठ, म्हणजे लिटरला 5.84 ग्रॅम, एकदम देऊ नये. रोज 25 मिलिमोलरने वाढवावे. नाहीतर मोजला जातो तो पाणी ओढले गेल्याचा अचानक धक्का.

भाताचे उत्पन्न मातीच्या अर्काची वाहकता मीटरला सुमारे 3 डेसिसीमेन्स (वाहकतेचे एकक) यापुढे गेली की घटू लागते. कोवळे रोप आणि फुलोरा या दोन अवस्था सर्वांत नाजूक. कोकणात पहिल्या पावसाने खार धुऊन जाईपर्यंत लावणी थांबवायची ती यासाठीच.