कृष्णविवराजवळचे ३० सेकंद

‘कृष्णविवरातून निघाले क्ष-किरण’ असा मथळा अधूनमधून वाचायला मिळतो. तो चूक आहे. कृष्णविवराच्या आतून काहीच बाहेर येत नाही, क्ष-किरणही नाहीत. ते येतात आत पडण्यापूर्वीच्या वायूपासून. सक्रिय दीर्घिकेच्या, म्हणजे जिचं केंद्र अतिशय तेजस्वी असतं अशा दीर्घिकेच्या, केंद्रात लाखो ते अब्जावधी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असतं आणि त्याभोवती वायूची तबकडी फिरत असते. तबकडीच्या आतल्या कडेजवळ अतितप्त इलेक्ट्रॉनांचा ढग असतो, त्याला करोना म्हणतात. तबकडीचा अतिनील प्रकाश या इलेक्ट्रॉनांवर आदळून त्यांची ऊर्जा घेतो आणि क्ष-किरण बनून निघतो.

हे कळलं कसं? कोट्यवधी प्रकाशवर्षांवरचा तो भाग क्ष-किरण दुर्बिणींना नुसता ठिपका दिसतो. पण ठिपक्याचं तेज कसं बदलतं, हे मोजता येतं. १९८३ ते १९८६ या काळात काम केलेल्या युरोपच्या एक्सोसॅट उपग्रहाने एनजीसी ४०५१ या दीर्घिकेकडे तासन्‌तास सलग पाहिलं, तेव्हा तिचे क्ष-किरण तासाभराच्या आतच ठळकपणे कमीजास्त होताना आढळले. एखादी वस्तू अर्ध्या तासात उजळत असेल, तर तिचा आकार अर्ध्या तासात प्रकाश जितकं अंतर कापतो त्याहून फार मोठा असू शकत नाही. असता, तर पलीकडच्या कडेचा प्रकाश उशिरा पोचून तो बदल पुसट झाला असता. सूर्याचा प्रकाश गुरूपर्यंत जायलाच सुमारे ४३ मिनिटं लागतात! इतक्या चिमुकल्या जागेतून एवढी ऊर्जा निघायला कृष्णविवराखेरीज दुसरं कारण पटण्याजोगं नाही.

‘आज रात्री अवकाशातून घातक किरण येणार, मोबाइल बंद ठेवा’ हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांना एवढंच सांगायचं: अवकाशातले क्ष-किरण वातावरणात वरच्यावर शोषले जातात. दुर्बिणी उपग्रहांवर बसवाव्या लागतात त्या त्यामुळेच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. घाटात हाक मारली, की प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून समोरचा कडा किती लांब ते कळतं. करोनाचे काही क्ष-किरण थेट आपल्याकडे येतात, तर काही आधी तबकडीवर आदळतात. तिथलं लोह ते शोषून स्वतःच्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतं. ही दुसरी वाट लांबची, म्हणून हे किरण मागाहून पोचतात. १एच ०७०७-४९५ या दीर्घिकेत एक्सएमएम-न्यूटन या युरोपच्या अवकाश दुर्बिणीने टिपलेला हा उशीर २००९ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे ३० सेकंद.

पण तो असा सहज दिसत नाही. चढउतार वारंवारितेनुसार, म्हणजे ते किती जलद किंवा संथ आहेत त्यानुसार, वेगळे काढावे लागतात. साधारण अर्ध्या तासाहून संथ चढउतारांत उलटाच क्रम दिसतो, जास्त ऊर्जेचे क्ष-किरण मागे राहतात. तबकडीतला बदल बाहेरून आत सरकत येतो आणि जास्त ऊर्जेचे किरण अगदी आतल्या भागातून निघतात, हे त्याचं प्रचलित स्पष्टीकरण. प्रतिध्वनी सापडतो तो त्याहून जलद चढउतारांतच. शिवाय उशीर कृष्णविवराच्या वस्तुमानाशी ताडून पाहावा लागतो. १० लाख सूर्यांइतक्या कृष्णविवराची गुरुत्वीय त्रिज्या (वस्तुमानावरून ठरणारं त्याच्या आकाराचं माप) ओलांडायला प्रकाशाला सुमारे ५ सेकंद लागतात. या दीर्घिकेतलं कृष्णविवर काही दशलक्ष सूर्यांइतकं, म्हणजे ३० सेकंदांत प्रकाश अशा मोजक्याच त्रिज्या पार करतो. करोना कृष्णविवराला इतका खेटून आहे.

अशा मोजमापाला अखंड निरीक्षण लागतं. एक्सएमएम-न्यूटनची कक्षा लांबट आहे, एक फेरी सुमारे ४८ तासांची, त्यामुळे तिला एकाच लक्ष्याकडे बराच वेळ सलग पाहता येतं. आपला भारतीय उपग्रह ॲस्ट्रोसॅट पृथ्वीपासून ६५० किलोमीटरवरून फिरतो, त्यामुळे बहुतेक लक्ष्यांना दर फेरीत पृथ्वी आडवी येते. त्याचं बळ निराळं आहे: अतिनील आणि क्ष-किरण तो एकाच वेळी पाहतो. त्यावरची मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांची दुर्बीण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली.

सध्या माझं लक्ष १ईएस १९२७+६५४ या दीर्घिकेकडे आहे. २०२२ मध्ये तिच्या क्ष-किरणांत दर १८ मिनिटांनी चढउतार होत होता, दोन वर्षांत तो दर ७ मिनिटांवर आला. एखादा श्वेतबटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा, कृष्णविवराच्या अगदी जवळून घिरट्या घालत असावा, असा एक तर्क आहे. तो खरा असेल, तर लिसा या नियोजित अवकाश वेधशाळेला तिथून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपता येतील.