बुटका मेपल बडोद्याला पोचण्याआधी

बडोद्यात हल्ली लाल पानांचा बुटका जपानी मेपल गॅलरीत ठेवायची हौस वाढली आहे. ‘दोन फुटांचं तर झाड, राहील कुठेही,’ असा हिशेब. तो कुठे चुकतो हे कळायला आधी हे झाड बुटकं कसं झालं ते पाहावं लागतं.

जपान-कोरियाच्या डोंगरउतारांवर, मोठ्या झाडांच्या सावलीत हा मेपल सहज वीस-तीस फूट वाढतो. जपानीत त्याला ‘काएदे’ म्हणतात. मूळ शब्द ‘काएरुदे’, म्हणजे बेडकाचा हात. पान समोर धरलं की नाव पटतं. आजच्या टोकियोत येणाऱ्या सोमेईच्या माळी घराण्यातल्या इतो इहेईने १७१० सालच्या पुस्तकात ३६ मेपल नोंदवले, म्हणजे निवडीचा नाद तेव्हाच चांगला मुरला होता. पुढे १७७५ साली कार्ल पीटर थुनबर्ग हा स्वीडिश डॉक्टर नागासाकीच्या देजिमा बेटावरच्या डच वखारीत आला. बेटाबाहेर मोकळं फिरायची परवानगी नाही, तेव्हा गडी वखारीतल्या गुरांसाठी चारा आणत, तो उपसून त्यातून वनस्पती वेचत बसे. १७८४ साली त्याने या झाडाला ‘एसर पामाटम’ नाव दिलं. पामाटम म्हणजे तळहातासारखं. बेडकाच्या जागी माणूस आला, एवढंच.

ठेंगण्या जातींपैकी काही रोपांतल्या फरकांतून निवडल्या गेल्या, काहींचं मूळ मात्र अपघातात आहे. मोठ्या झाडाच्या एखाद्या फांदीवर मध्येच आखूड पेऱ्यांचा दाट झुबका फुटतो. इंग्रजीत त्याला चेटकिणीचा झाडू म्हणतात. त्यातली काडी घेऊन कलम बांधलं की नवं झाडही ठेंगणंच राहतं. ‘ब्लडगुड’ जातीवरच्या अशाच झुबक्यातून ‘शाइना’ निघाली. बी पेरून ती मिळत नाही, जशी हापूसची कोय पुरून हापूसची खात्री नसते. (निळ्या मेपलचं बी विकणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार. निळा मेपल नसतोच.)

पण आखूड झाली ती पेरी. हिवाळ्याची गरज मूळ झाडाइतकीच राहिली. पानगळीनंतर काही आठवडे चांगली थंडी मिळाली तर फांद्यांवरचे डोळे नीट फुटतात. बडोद्यात थंडीतही पारा बहुतेक रात्री दहाच्या वरच असतो, आणि मे महिन्यात चाळिशी ओलांडतो.

बागांची हौस या गावाला नवी नाही. सयाजीबाग १८७९ची. लक्ष्मीविलास राजवाड्याची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानरचनाकाराने आखली, आणि लंडनच्या क्यू वनस्पती-उद्यानात काम केलेला जर्मन माळी क्रुम्बिगेल १८९३ साली गायकवाडांच्या नोकरीत आला. पुढे बंगळूरचं लालबाग त्याने नावारूपाला आणलं. एवढे जाणकार येऊन गेले, तरी इथे दुपारी सावली शोधायची ती वडा-कडुनिंबाखालीच.

माझी कुंडी दांडिया बाजारातल्या घराच्या चौकात, उत्तरेच्या भिंतीलगत आहे. काळ्या मातीऐवजी पालापाचोळ्याचं खत नि कोकोपीट, बोअरच्या क्षारट पाण्याऐवजी साठवलेलं पावसाचं पाणी. तरी एप्रिलमध्ये प्रत्येक पानाची बोटं टोकाकडून करपत गेली, कागद उदबत्तीला लागावा तशी. पावसाळ्यात पुन्हा पाचसहा पानं आली. लाल म्हणून घेतलेल्या झाडाची, हिरवी.