सिकलसेल: लहानपणीचं हिमोग्लोबिन परत चालू करायची खटपट

नंदुरबारकडे सिकलसेल म्हटलं की फार समजवावं लागत नाही. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर, कुठल्याही आशाताईंना विचारा, एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे आजार असलेला हे तोंडपाठ असतं. जळगाव-धुळ्याला मात्र बऱ्याच जणांची गाडी अजून "रक्त कमी असतं तो आजार ना" इथेच थांबते. २०२३ च्या शेवटी बातमी आली की जीन बदलून सिकलसेलवर इलाज निघाला, किंमत साधारण १८ कोटी रुपये, तेव्हा ती दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरली आणि विरून गेली, कारण १८ कोटी म्हटल्यावर पुढे वाचणार कोण.

पण पुढे वाचण्यासारखं आहे. ती १८ कोटींची ट्रीटमेंट आणि सरकारी दवाखान्यातली हायड्रॉक्सीयुरियाची साधी कॅप्सूल, दोन्ही शरीरात जाऊन मुख्य काम एकच करतात.

आधी बिघाड बघू. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा, दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो ॲसिड ओवलेले, त्यातलं सहावं तेवढं सिकलसेलमध्ये बदललेलं असतं, ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन. बास, एवढंच. पण ग्लुटामिक ॲसिडवर विद्युतभार असतो, त्याचं पाण्याशी जमतं, आणि व्हॅलीनचं पाण्याशी अजिबात पटत नाही. रक्तातला ऑक्सिजन पेशींना देऊन झाला की हिमोग्लोबिनचा आकार थोडा बदलतो, तेव्हा शेजारच्या रेणूवर एक खळगा उघडा पडतो आणि हे व्हॅलीन त्यात फिट्ट बसतं. भुसावळच्या यार्डात डब्याला डबा जोडून रेक लावतात ना, तसा रेणूला रेणू लागत जातो, आणि तांबड्या पेशीच्या आत लांबच लांब कडक तंतू तयार होतात. मऊ गोल पेशी मग ताठ होते, विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते. नॉर्मल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी, म्हणून डोळे पिवळे, आणि मग घरचे कावीळ समजून झाडपाला सुरू करतात, किंवा कोणीतरी रक्त वाढायला लोहाच्या गोळ्या देतं, जेव्हा की इथे मूळ तक्रार लोहाची नाहीच, पेशी फुटण्याची आहे.

आता यातला मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. रेक लागायला थोडा वेळ लागतो. ऑक्सिजन गेल्या क्षणी तंतू बनत नाहीत, सुरुवातीला काही काळ नुसता थांबा असतो. १९७० च्या दशकात अमेरिकेत हा थांबा मोजला गेला, आणि निघालं काय, तर तो पेशीतल्या हिमोग्लोबिनच्या दाटपणावर अवलंबून असतो, आणि तोही साधासुधा नाही, दाटपणाच्या जवळजवळ ३० व्या घाताइतका! म्हणजे हिमोग्लोबिन जरासं दाट झालं की थांबा एकदम कमी, जरासं पातळ झालं की थांबा कितीतरी लांबतो. पेशी बारीक वाहिन्यांमधून साधारण सेकंदाभरात निघून जाते. तेवढ्यात तंतू बनले नाहीत तर ती फुफ्फुसात जाऊन परत ऑक्सिजन घेते आणि मोकळी होते.

डॉक्टर सिकलसेलच्या पेशंटला पाणी पी, पाणी पी म्हणून मागे लागतात ते याचसाठी. अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलंही कमी होतं, हिमोग्लोबिन दाटतं, थांबा घटतो. गुजरातला ऊसतोडीला गेलेला पोरगा दिवसभर उन्हात राबतो, पाणी धड मिळत नाही, आणि रात्री मांड्या-कंबर धरून ओरडतो, त्याला उगाच कामचुकार म्हणतात. ताप, जुलाब, तोरणमाळकडची थंडी, यांनीही असंच होतं. यालाच क्रायसिस म्हणतात, आणि दुखणं कधी कधी इतकं असतं की मॉर्फीन द्यावं लागतं.

आता लहान बाळांचं बघा. १९४८ साली न्यूयॉर्कच्या जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं की नवजात बाळाला जीन सिकलसेलचं असलं तरी पेशी फारशा वाकत नाहीत. कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी. हे एचबीएफ, म्हणजे पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, रेकमध्ये लागतच नाही, त्याला कपलिंगच नाही समजा. जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत ते बंद पडत जातं, बीटा साखळी सुरू होते, आणि त्रासही तिथूनच सुरू होतो. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग या केमिस्टने आणि त्यांच्या साथीदारांनी दाखवलं की हा आजार हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅमने ते एक बदललेलं अमिनो ॲसिड शोधून काढलं. पण इलाजाच्या दृष्टीने मला वॉटसनबाईंचं निरीक्षण जास्त मोठं वाटतं, नाव मात्र पॉलिंगचं झालं.

म्हणजे करायचं काय, तर मोठ्या माणसात ते बंद पडलेलं एचबीएफ परत चालू करायचं. थोडं जरी चालू झालं तरी सिकलवालं हिमोग्लोबिन त्या प्रमाणात पातळ होतं, आणि तो ३० वा घात इथे आपल्या बाजूने लागतो.

हायड्रॉक्सीयुरिया हे तेच करतं. हा रेणू १८६९ मध्ये जर्मनीत बनवला गेला, पुढे कॅन्सरसाठी वापरला, आणि नंतर कळलं की याने एचबीएफ वाढतं. १९९५ मध्ये २९९ मोठ्या पेशंटवरच्या अभ्यासात दुखण्याचे क्रायसिस जवळपास निम्म्यावर आले, इतका फरक की अभ्यास ठरल्याआधीच थांबवला. नागपूरच्या डॉक्टरांनी लहान मुलांना कमी डोस, किलोला १० मिलिग्रॅम, देऊन बघितला, तोही कामी आला. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून रक्त तपासत राहावं लागतं, गरोदरपणात टाळतात. पण लोक दोन महिने घेतात, बरं वाटलं की सोडतात, आणि असर यायलाच काही महिने लागतात हे त्यांना कोणी नीट सांगत नाही.

१८ कोटींची ती ट्रीटमेंट, नाव कॅसजेव्ही, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झाली. यात पेशंटच्याच स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी, काढून लॅबमध्ये नेतात आणि क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्राने बीसीएल११ए नावाच्या जीनचा एक स्विच कापतात. हा जीनच मोठेपणी एचबीएफ दाबून ठेवतो. तो तांबड्या पेशीत गप्प झाला की लहानपणीचं हिमोग्लोबिन परत. त्याच्या अभ्यासात ३१ पैकी २९ जणांना सलग वर्षभर मोठा क्रायसिस आला नाही. पण त्याआधी केमोथेरपी देऊन हाडातली जुनी मज्जा साफ करावी लागते, दवाखान्यात कित्येक आठवडे राहावं लागतं, मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. हे बातमीत कोणी लिहीत नाही. आपल्याकडे सीएसआयआरच्या दिल्लीतल्या आयजीआयबी संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा १०१ नावाची स्वदेशी क्रिस्पर थेरपी जाहीर केली, आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सिरमकडे दिलंय. खर्च कमी करायचा हाच त्यामागचा मोठा हेतू.

माझं लक्ष मात्र २०२४ च्या दुसऱ्याच एका कामाकडे आहे. नोव्हार्टिसच्या केमिस्ट लोकांनी सायन्स या जर्नलमध्ये एक छोटा रेणू छापला, तो पेशीतल्या डब्ल्यूआयझेड या प्रोटीनला पेशीच्याच कचरा उचलणाऱ्या यंत्रणेला चिकटवून देतो, प्रोटीन नष्ट होतं, आणि एचबीएफ वाढतं. जीन कापायची भानगड नाही, केमो नाही. असं काही तोंडावाटे घ्यायचं औषध झालं तर धडगावच्या ग्रामीण रुग्णालयातूनही देता येईल, स्टेम सेलची ट्रीटमेंट तिथे होणं अवघडच. त्या पेपरमधले प्रयोग मात्र माणसाच्या पेशी घातलेल्या उंदरांवर आणि माकडांवर झालेत.