कूलर कळला का?

मे महिन्यातली दुपार. बाहेर पारा पंचेचाळीसच्या घरात, आत कूलरची घरघर. नागपूरच्या नंदनवन भागातल्या अभ्यासिकेतून भाचा जेवायला आला आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाला, "मामा, वाचतो तर सगळं, पण पेपर हातात आला की कॉन्फिडन्सच राहत नाही ना."

"तू हुशार आहेस, घाबरू नको," हे त्याला घरातले सगळे दोन वर्षांपासून सांगताहेत. मी वेगळंच विचारलं. "कूलर कसा चालतो ते तुला किती कळलंय? सातपैकी मार्क दे."

"सहा. नागपुरात लेकरालेही कळते मामा."

"मग सांग."

टाकी, पंप, वाळ्याच्या ताट्या, पंखा. इथपर्यंत गाडी झकास आली. "पण मग आपण खिडकी उघडी का ठेवतो? आणि पाऊस लागला की हाच कूलर नुसता चिपचिप का करतो?" घास हातातच राहिला. थोड्या वेळानं त्यानं आपणहून सहाचे तीन केले.

येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली झिप, कुलूप, फ्लश अशा रोजच्या वस्तूंवर हेच करून पाहिलं. समजावून सांगायला बसवलं की लोकांनी स्वतःला दिलेले मार्क खाली येत. वस्तू ओळखीची असते, आणि ओळखीलाच आपण समज मानून बसतो.

(कूलरचं उत्तर असं: एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते. ती आत येणाऱ्या हवेतून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. पावसाळ्यात हवेत आधीच बाष्प असतं, त्यामुळे वाफ होणं मंदावतं. खिडकी बंद ठेवली तर खोलीतच दमटपणा साचतो.)

अभ्यासाचंही तसंच होतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत नुसता वाचला. दुसऱ्यांनी तो एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. नुसतं वाचणाऱ्यांना आपल्या पाठांतराची जास्त खात्री होती. आठवड्यानंतर त्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. मला हे आकडे फार महत्त्वाचे वाटतात, कारण अभ्यासिकेत रात्र रात्र बसून पिवळ्या हायलायटरनं पुस्तक रंगवणारी कितीतरी कष्टाळू मुलं मी पाहतो. त्यांचे कष्ट खरे असतात, पण मनातला अंदाज त्यांना फसवत असतो.

हा अंदाज सुधारता येतो. "उद्या पावसाची शक्यता ७० टक्के" असं वेधशाळेतला माणूस म्हणतो, तेव्हा अशा शंभर दिवसांपैकी सत्तरेक दिवस पाऊस पडला तर त्याचा अंदाज नेमका. अनुभवी अंदाजकार यात चांगले तयार होतात, कारण त्यांना रोज संध्याकाळी निकाल कळतो. अमेरिकी हवामानतज्ज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली असा अंदाज किती नेमका ठरला ते मोजायची रीतच घालून दिली.

भाच्याला मी तेवढंच सांगितलं. सराव पेपर सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी किती टक्के खात्री आहे तो आकडा लिही, मग उत्तरं तपास. चुकीच्या उत्तराला मार्क कापले जातात अशा परीक्षेत कुठला प्रश्न सोडायचा, हे कळण्यासाठीही ते कामाचं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली आत्मविश्वासाचे चार स्रोत मांडले. त्यात दुसऱ्यांनी दिलेला धीर आहे, पण सगळ्यांत भक्कम आहे स्वतः करून दाखवल्याचा अनुभव. तो अनुभव नोंदवला नाही, तर तोही हातून निसटतो.

पंधरा दिवसांनी तो वही घेऊन आला. अर्थशास्त्रात '९०' लिहिलेल्या दहा प्रश्नांपैकी पाच बरोबर. भूगोलात '५०' लिहिलेल्या दहांपैकी आठ. त्या आठावर त्यानं दोनदा गोल केला होता.

"भूगोलाले मी उगाच भीत होतो मामा."

मग अर्थशास्त्राचं पुस्तक त्यानं पालथं ठेवलं आणि कोऱ्या कागदावर आठवेल तसं लिहायला बसला.